ही शेवटचीच टेकडी

पुण्यातल्या प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक अण्णा असतो. वयाने तो अण्णा असेलच असं नाही. सॅकच्या वजनाने असतो. त्या सॅकमध्ये क्रेप बँडेज, सुतळी, मीठ-साखरेची पुडी, जास्तीचे सेल, राजगिऱ्याचे लाडू आणि घरी सोललेल्या काकड्या असतात. यातलं काहीही मागितलं की आधी ऐकून घ्यावं लागतं, मग मिळतं.

अण्णा ओळखायचा तो के टू एसला. म्हणजे कात्रज ते सिंहगड. पौर्णिमेच्या रात्री जुन्या कात्रज बोगद्यापाशी उतरायचं, बोगद्याच्या डोक्यावर चढायचं आणि धारेवरून पश्चिमेला चालत सुटायचं. उजव्या हाताला अख्खं पुणं लखलखत असतं, डावीकडे खेड-शिवापूरचे दिवे. अंतर साधारण 16 किलोमीटर. टेकड्या 13, असं म्हणतात. म्हणतात अशासाठी की मोजणाऱ्यांत दर वेळी भांडण होतं, आणि पुण्यात भांडण मिटवण्याची घाई कोणालाच नसते.

अण्णा या वादात पडत नाही. चौथ्या टेकडीवर कोणीतरी धापा टाकत विचारतो, "किती राहिल्या रे?" अण्णा शांतपणे सांगतो, "ही शेवटचीच." पाचवीला तेच, आठवीलाही तेच. नवख्याला पहिल्यांदा राग येतो, मग संशय, आणि दहावीपर्यंत त्या थापेचीच सवय होते. खरा आकडा कळला असता तर निम्मे जण तिसऱ्या टेकडीवरून परत कात्रजला चहा प्यायला गेले असते.

चढापेक्षा उतार वाईट. पायाखाली घसारा, टॉर्चच्या उजेडात सगळे दगड सारखेच भरवशाचे दिसतात. अशाच एका उतारावर आमच्यातल्या एकाच्या बुटाने जबडा वासला. माळ्यावरून काढलेला बूट, सोल टाचेपासून पार मोकळा. अण्णाने त्याला खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला, सुतळीचे चार आडवे वेढे देऊन घोट्यावर गाठ मारली. तोंड चालूच! "2019 मध्ये आपल्या गिरिप्रेमी संस्थेचे 10 जण कांचनजुंगेवर जाऊन आले. 8,586 मीटर! आणि तुला साधा बूट तपासता येत नाही?" मग स्वतःची काठी त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "बसून उतर. लाज वाटत असेल तर डोळे मीट." खालपर्यंत तो त्याच्या एक पाऊल पुढे, आडवा होऊन उतरला. हा घसरला असता तर अण्णावरच आला असता. त्याबद्दल मात्र अण्णा काहीच बोलला नाही.

पहाटे गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही समोर आलं की अण्णा हिशोब मांडतो. प्रेम वेगळं, पैसे वेगळे. सुट्टे नसतील तर नाव वहीत जातं.

गावात उतरल्यावरही हा माणूस सुधारत नाही. कोणाची नोकरी गेली की, "अरे, हा शेवटचाच महिना." मुलाची दहावी, "शेवटचाच पेपर." गृहकर्जालाही तो हेच म्हणतो, आणि त्याला बँकही हरकत घेत नाही.

मध्यंतरी माझे वडील आयसीयूत होते. न बोलावता अण्णा रात्री थर्मास घेऊन हजर. दवाखान्यात जागरण कसं करायचं यावर एक व्याख्यान झालं. चपला का काढायच्या, पाठ भिंतीला का टेकवायची, वगैरे. दोनच्या सुमाराला मी विचारलं, "किती दिवस चालणार रे हे?" अण्णाने सवयीने तोंड उघडलं. "ही शेवटची..." आणि जीभ चावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला शब्द सापडेना. शेवटी थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला, "टेकड्या पुष्कळ आहेत अजून. चहा घे."

वडील घरी आले. आठवड्याभरात ग्रुपवर अण्णाचा मेसेज पडला: पुढच्या पौर्णिमेला के टू एस, टॉर्च प्रत्येकी एक, नवे बूट घालणाऱ्यांनी घरी बसावं. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती. दवाखान्यातल्या चहाचे पैसे बाकी आहेत.