खडा दुसरीकडे कधी टाकावा : पारावरच्या खेळाडूंसाठी सूचनापत्र

येरमाळ्यात येडेश्वरीचे दर्शन झाले, एसटीला अवकाश आहे आणि सावलीत कुणी खडूने नवकंकरीचा पट आखून गिऱ्हाईक शोधतो आहे, अशा वेळी पुढील सूचना पाळाव्यात. पट म्हणजे एकात एक तीन चौकोन, २४ जागा, प्रत्येकी ९ खडे. तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याचे दोनच उरले, तो हरला.

१. खडे साधेच घ्यावेत. चैत्री यात्रेत वेचतात ती चुनखडी देवीची. ती पटावर मांडून हरल्यावर देवीला बोल लावू नये.

२. समोरच्याने खडा टाकला की लगेच त्याला खेटून आपला टाकू नये. आधी विचारावे, ‘मी इथे काहीच केले नाही, तर हा काय करील?’ उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर मुकाट दुसरीकडे जावे. मधल्या चौकोनाच्या बाजूंचे मध्य उत्तम. तिथून चार वाटा फुटतात, कोपऱ्यातून दोनच. ‘गो’ या बैठ्या खेळाचे जपानी खेळाडू असे दुसरीकडे जाण्याला तेनुकी म्हणतात आणि त्यावर वर्षानुवर्षे डोके खपवतात. आपल्याला ते एसटी यायच्या आत जमवायचे आहे.

३. त्याचे दोन खडे एका रेघेत आणि तिसरी जागा मोकळी असेल, तर आडवे यावेच लागते. अपवाद एक : आपली रेघ त्याच चालीत भरत असेल, तर ती भरावी आणि त्या दोनांतलाच एक उचलावा. आडवे येण्याचे कारणच उरत नाही.

४. एक खडा गेला म्हणून त्याच कोपऱ्यात सूड उगवत बसू नये. बांधाचे भांडण बांधावरच ठेवावे.

५. “आवं मालक, हिकडं पेटलंय अन् तुमी तिकडं काय करताय?” असे मागून कुणी ओरडेलच. ओरडणाऱ्याचा एकही खडा पटावर नसतो, हे ध्यानात ठेवावे. तरीही तो बरोबर ठरला, तर चहा पाजून गप्प बसवावे.

६. हाच खेळ युरोपातही खेळतात. दोघेही न चुकता खेळले तर तो बरोबरीत सुटतो, हे राल्फ गॅसर या संशोधकाने १९९३ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध केले. म्हणजे जिंकायला समोरच्याची चूक लागते, आणि आपल्या प्रत्येक खड्यामागे धावत येणारा माणूस ती हमखास करतो. असा गडी भेटला, तर हे सूचनापत्र घडी घालून खिशात ठेवावे. त्याला वाचायला देऊ नये.