सॅल्मन व्हाया येलदरी

बेक्ड सॅल्मनइतकी छोटी पाककृती शोधून सापडणार नाही. तुकडा घ्या, मीठ-मिरी चोळा, वर लिंबाच्या चकत्या ठेवा, 200 अंशांवर पंधरा मिनिटं भाजा, झालं जेवण. लिहिणारा खोटं बोलत नाही, तो फक्त परभणीत राहत नाही. ‘तुकडा घ्या’ म्हणताना तो तुकडा त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात बर्फावर पहुडलेला असतो. आपल्याकडे मधे नॉर्वेचा समुद्र, मग विमान, मग मुंबई आणि तिथून रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर. एवढ्या लांबून आलेल्याला आपल्याकडे आधी पाणी विचारतात, ओव्हनमध्ये ढकलत नाहीत. म्हणून माझं म्हणणं असं की या जेवणातला सोपेपणा पद्धतीचा आहे, माशाचा नाही. पद्धत परभणीत आणावी, मासा नॉर्वेतच सुखी राहू द्यावा.

पुरावा पाककृतीतच आहे. ‘तुकडा फ्रीजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या,’ असं त्यात असतं. कुठल्या खोलीच्या? मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, आणि माशाच्या मांसातली प्रथिनं चाळिशी ओलांडली की बदलू लागतात. म्हणजे ओव्हनचं बटण दाबण्याआधीच निम्मा स्वयंपाक ओट्यावर उरकायचा, उरलेला मांजर उरकेल. राहिला तो श्रीमंती गुलाबी रंग. खुराड्यात कोंबडी पाळावी तसा हल्लीचा बहुतेक सॅल्मन समुद्रातल्या जाळ्यांत पाळलेला असतो, आणि त्याचा रंग त्याच्या खाद्यात घातलेल्या अ‍ॅस्टाझँथिनचा असतो. नॉर्वेत ही मत्स्यशेती 1970 च्या सुमारास सुरू झाली, परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. तेव्हा शेतीतल्या मालाचं कौतुक आम्हाला कुणी शिकवू नये.

मग भाजायचं काय? जिंतूर तालुक्यात पूर्णेवर 1968 पासून येलदरीचं धरण उभं आहे. तिथे वीजही तयार होते, म्हणजे ओव्हन आणि त्यातला मासा एकाच पाण्यावर चालावेत अशी सोय आहे. रोहू-कटला घ्या म्हटलं की पहिला आक्षेप काट्यांचा येतो, आणि तो खरा आहे. सॅल्मनचा तुकडा मोबाइल बघत खाता येतो, रोहू खाताना मोबाइल बाजूला ठेवावा लागतो. मला हा रोहूचा गुण वाटतो. तरी ज्यांना पटत नाही त्यांनी मरळ घ्यावा. त्याला काटे कमी, आणि तो हवेतूनही श्वास घेत असल्यामुळे बाजारात जिवंत मिळतो. ताजा आहे का, हे विक्रेत्याला विचारावं लागत नाही. मरळ स्वतःच शेपटी आपटून सांगतो. त्याच्या अंगात चरबी कमी म्हणून तो ओव्हनमध्ये कोरडा पडतो, हे मान्य. त्यावर करडईच्या तेलाचा हात सढळ ठेवणं आणि वरून झाकणं, एवढाच उपाय.

दुसरा आक्षेप डॉक्टरी आहे: ओमेगा-3 चं काय? सॅल्मनमध्ये ते भरपूर असतं आणि मरळ त्याची बरोबरी करत नाही. जवसाच्या चटणीत ओमेगा-3 असतं खरं, पण ते वनस्पतीतलं. माशातल्या प्रकारात शरीर त्याचा थोडाच भाग बदलतं. इथे सॅल्मनला एक गुण देऊन टाकू. पण डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा मासे खा म्हटलं तर दोनदा परवडणाराच मासा औषधाला येईल, वर्षातून एकदा फोटोसाठी आणलेला नव्हे. कुणी म्हणेल, रावस आणा, मेनूकार्डावर त्यालाच ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात. रावस चवीला उत्तम, पण सॅल्मनचा तो कुणी लागत नाही, आणि मुंबईपासूनचे साडेपाचशे किलोमीटर त्यालाही चुकत नाहीत. ओव्हन नाही, हा आक्षेप मी ऐकूनही घेणार नाही. रिंग आणि शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये तळाला मीठ पसरून घरोघरी केक झाले आहेत, मासा काय जड आहे?

तेव्हा सॅल्मन हवाच असेल तर पारा एक आकड्यावर उतरतो त्या थंडीत, पाहुणे येणार असतील तेव्हा आणावा. एरवी मरळाला लसूण, लिंबू आणि चिमूटभर येसर लावून वीस मिनिटं भाजा, आणि सोबत ब्रेड नको, ‘परभणी मोती’ ज्वारीची भाकरी घ्या.