सातसातसात काका

प्रत्येक ऑफिसात ‘नाही’ म्हणता न येणारा एक माणूस असतो. अशा माणसाकडे स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली असली तर फार तर पेनं जातात. आमच्याकडे त्याच्या ताब्यात सर्व्हर होता.

आम्ही शंभरएक माणसं त्या एका लिनक्स सर्व्हरवर नांदत होतो. ज्याची त्याची डिरेक्टरी, ज्याचा त्याचा संसार. कुणी दारात उभं राहून “काका, फाईल उघडत नाही, परमिशन डिनाइड येतंय” असं म्हणालं, की काका कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे. फाईल कुणाची, तुला कशाला हवी, मालकाला विचारलंस का, असले दिवाणी प्रश्न नाहीत. दोन बोटांनी टाइप करायचे, सीएचमॉड सातसातसात, आणि म्हणायचे, “बघ आता.”

आता हे सातसातसात म्हणजे काय, तर युनिक्सच्या, आणि त्याच्याच वळणावर गेलेल्या लिनक्सच्या, लेखी प्रत्येक फाईलचे तीन सोयरे: मालक, मालकाचा ग्रुप आणि उरलेलं जग. प्रत्येकाला तीन हक्क देता येतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. सगळे दिले की सात. शहाणा माणूस स्वतःला सहा ठेवतो, बाकीच्यांना चार-चार देतो, म्हणजे इतरांनी वाचावं पण हात लावू नये. खासगी असेल तर ६००. काकांना हा पंक्तिप्रपंच पसंत नव्हता. “मालकाला जिलबी आणि उरलेल्या जगाला नुसता मठ्ठा? आपल्यात असं वाढत नाहीत.”

त्यामुळे आमच्या ऑफिसात गुपित नावाची वस्तू उरली नव्हती. पगारवाढीचा तक्ता आधी शिपायांना कळायचा, मग साहेबांना. लेखाविभागातल्या एका बाईंनी राजीनामा लिहून ठेवला होता. द्यावा की न द्यावा हे त्यांचं ठरलं नव्हतं, पण ऑफिसचं ठरलं होतं. निरोप समारंभाची वर्गणीही निघाली होती. बाईंनी महिन्याभरानं फाईल उघडली, तर दुसऱ्या परिच्छेदातलं शुद्धलेखन कुणीतरी सुधारून ठेवलेलं. बाई संतापल्या, पण पत्र सुधारलं होतं हे त्यांनीही मान्य केलं. मग त्यांनी राजीनामा दिला नाही. वर्गणी मात्र परत मिळाली नाही.

कुणी जाब विचारला तर काका थेट एमआयटीत जायचे. स्वतः कधी खंडाळ्याच्या पुढे गेले नसतील, पण एमआयटीच्या जुन्या लॅबबद्दल असं बोलायचे, जणू मामाचं घर. “अरे, तिथल्या आयटीएस नावाच्या यंत्रणेवर पासवर्डच नव्हता! दुसऱ्याच्या पडद्यावर काय चाललंय ते आपल्या पडद्यावर बघायची सोय होती. पुढे लॅबमध्ये पासवर्ड आले, तर तिथल्याच स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरनं लोकांना सांगितलं, पासवर्ड रिकामा ठेवा, नुसतं एंटर मारा. आणि तुम्ही एका राजीनाम्यासाठी रडता.” त्याच एमआयटीत साठच्या दशकात सीटीएसएस नावाच्या यंत्रणेवर दोघेजण एकाच वेळी एडिटर उघडून बसले होते. एकाच्या हातात पासवर्डची फाईल, दुसऱ्याच्या हातात आल्यागेल्याला दाखवायची सूचना. एडिटर दोघांनाही तात्पुरती फाईल एकाच नावाची देत होता, त्यामुळे अदलाबदल झाली आणि जो लॉगिन करेल त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. सीटीएसएस उभी करणाऱ्या फर्नांडो कॉर्बाटोनं स्वतः सांगितलेला किस्सा आहे. लोक तो धडा म्हणून सांगतात. काका तो श्रावणातल्या कहाणीसारखा सांगायचे. शेवटी सगळ्यांना सगळं मिळालं, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

पण माणूस अडाणी नव्हता. एक नवी मुलगी रडकुंडीला आली होती. “काका, माझी फाईल मी इतरांना बंद ठेवली होती, तरी कुणीतरी उडवली. कशी?” काका तिला पँट्रीत घेऊन गेले. आम्हीही मागोमाग. त्यांनी फ्रिजमधून एक डबा काढला. “झाकण घट्ट आहे. समज, कुणाला उघडता येणार नाही. म्हणजे आतली भाजी सुरक्षित. पण फ्रिज कुणाचा? सगळ्यांचा. ज्याला फ्रिजमध्ये हात घालायचा हक्क आहे, तो डबा न उघडताही असा उचलणार आणि...” डबा कचऱ्याच्या टोपलीत गेला. “फाईल उडवायचा हक्क फाईलवर नसतो, डिरेक्टरीवर असतो. आणि तुझ्या डिरेक्टरीला सातसातसात आहे.” कुणी दिलं, हे तिनं विचारलं नाही. डबा माझा होता. कोबी होती, म्हणून मीही विचारलं नाही.

एका गुरुवारी साडेअकराला या औदार्याचा कळस झाला. कुणाला तरी एका प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर हवं होतं. काकांनी कमांड लिहिली, आतल्या सगळ्याला लागू होईल असा कॅपिटल आर लावला, आणि स्लॅशनंतर बोट स्पेसबारवर पडलं. एवढीशी मोकळी जागा. नुसता स्लॅश म्हणजे अख्खं यंत्र, मुळापासून शेंड्यापर्यंत. एंटर.

त्या दिवशी आमच्या सर्व्हरवर सगळ्यांना सगळं मिळालं आणि कुणालाच आत जाता येईना. सुडो नावाच्या प्रोग्रॅमवर एक जादा बिट असतं, त्याच्या जोरावर साधा माणूस घटकाभर रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होतो. युनिक्सवाल्या डेनिस रिचीनं त्या बिटाचं पेटंट घेतलं होतं, ते १९७९ साली मंजूर झालं. काकांच्या सातसातसातनं ते बिट पुसलं. सुडो मेला. बाहेरून आत यायचं दार म्हणजे एसएसएच. त्यानं पाहिलं, आपल्या किल्ल्या चव्हाट्यावर पडल्यात. परमिशन फारच सैल आहेत, असा शेरा मारून त्यानं आल्यागेल्याला परत पाठवायला सुरुवात केली. वाड्याच्या खोल्या सताड उघड्या आणि दिंडीदरवाजा तेवढा फुगून बसलेला!

रूटची एकच खिडकी शाबूत होती, काकांच्या पडद्यावरची. ती बंद झाली की सगळंच संपलं. दोन दिवस काका तिच्यापुढून हलले नाहीत. डबा डाव्या हातानं खाल्ला. मॉनिटरवर कागद चिकटवला: ‘हात लावू नये’. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नाकारलेली ही एकमेव परमिशन.

एकमेव असं आम्ही समजत होतो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की होम डिरेक्टऱ्यांची यादी काढली तर सगळीकडे सात-सात-सात, आणि एकाच ओळीत पुन्हा लावलेलं ७००. मालकाला सगळं, ग्रुपला शून्य, जगाला शून्य. ती ओळ काकांची होती. चहाच्या टपरीवर महिनाभर तोच विषय. शेअर्स? कविता? लेखाविभागातल्या बाई म्हणाल्या, दुसरं घर असेल.

काका निवृत्त झाले आणि रूटचा पासवर्ड माझ्याकडे आला. रूटला परमिशन विचारावी लागत नाही; ७०० असो, ००० असो, त्याला सगळं दिसतं. मी आठवडाभर धीर धरला. मग म्हटलं, बॅकअप घ्यायला हवा. बॅकअप घेण्यासाठी फाईल उघडून वाचावी लागत नाही, हे मला माहीत होतं.

आत पेन्शनचे कागद, गॅसच्या नंबरांची नोंद आणि ‘येणे’ नावाची एक फाईल. नाव, रक्कम, कारण. ‘मुलाची फी’, ‘आईचं ऑपरेशन’, ‘पगार उशिरा’. खुद्द साहेबांच्या नावे पन्नास रुपये, कारण कोरं. निम्म्या ओळींपुढे ‘सोडून दिले’. माझ्या नावापुढे तसं नव्हतं. ‘४००, गाडी उचलून नेली.’

ते चारशे मी साफ विसरलो होतो. आता आठवले तर पंचाईत. दिले नाहीत तर मनाला खातात, दिले तर एकदम आजच कसे आठवले? मी न देण्याचा मार्ग पत्करला.

पंधरा दिवसांनी काका फंडाच्या कागदांवर सही करायला आले. सवयीनं माझ्याच खुर्चीत बसले, चष्मा नाकावर आणला, “जरा बघू” म्हणाले आणि दोन बोटांनी एलएसपुढे एल आणि यू लावून एंटर मारलं. असं केलं की फाईल शेवटची बदलली कधी हे दिसत नाही, शेवटची वाचली कधी हे दिसतं. बाकीच्या फाईलींवर दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती.

“मंगळवार,” काका म्हणाले. “तीन वाजून बारा मिनिटं. चहाला गेला नव्हतास?”

मी खिशातून पाचशेची नोट काढली. काकांकडे सुटे नव्हते.

“राहू दे,” नोट घडी करून खिशात ठेवत ते उठले. “शंभर देणे, असं त्याच फाईलीत लिहून ठेव. वाचलीस, तशी लिहिताही येईल तुला.”