आधी लगीन दाढेचं

सकाळी परसात गेले तर कुंपणाशी काकी उभ्या. डावा गाल लिंबाएवढा सुजलेला आणि हातात मोगली एरंडाची नुकती मोडलेली फांदी. टोकाला चिकाचा थेंब लोंबत होता.

"हा दाढेला लावणार?"

"मंग काय करू बाई? रातभर ठणका. आमच्या सासूबाई हाच लावायच्या."

"शेवटी दात किती उरले होते त्यांचे?"

काकींनी मनाशी मोजले. "दोन. पण ते दुखत नव्हते."

याच्या बिया विषारी म्हणून गुरंसुद्धा या कुंपणाला तोंड लावत नाहीत, आणि आपण त्याचा चीक दाढेत भरतो! बरं, एवढ्यावर थांबलं नव्हतं. तव्यावर फडकं तापवून शेकही चालला होता. मी म्हटलं, पू झालेल्या दाढेला बाहेरून शेक देऊ नका, सूज पसरते. आजच पोलादपूरला चला, नाहीतर महाडला.

"आज? छे. नवमी होऊ दे. मुंबईची माणसं येणार, घरात आठ पानं. आधी नवमी, मंग दाढ."

मला हसू आवरेना. पोराचं लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर गेलेल्या तानाजीरावांचं हे गाव. १६७० सालच्या माघातली ती नवमी. आणि त्यांच्याच पुण्यतिथीसाठी इथे दाढ ताटकळत बसणार! काकींना म्हटलं तर त्याही गालाला हात लावून हसल्या आणि लगेच कळवळल्या.

"खरं सांगू? भीती वाटते. वरची दाढ हाय. वरची काढली की नजर जाते म्हणतात. आमच्या आत्याची गेली."

"आत्यांचं वय काय होतं?"

"पासष्टीच्या पुढं."

"म्हणजे मोतीबिंदूचं. त्याच वयात दाढाही निघतात, म्हणून नाव दाढेवर येतं. दातांची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. दाढ काढली म्हणून कोणी आंधळं होत नाही."

चाळीस वर्षं शाळेत फळ्यासमोर उभं राहून जी सवय लागली, ती कुंपणापाशीही सुटत नाही. पण या खेपेला मी पुस्तकातलं सांगत नव्हते. माझी खालची दाढ काढून तीनच आठवडे झाले होते आणि जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या करून झाल्या होत्या.

पहिली चूक घरातूनच निघाली. दाढ काढायची म्हणून मी उपाशीपोटी पहिल्या एसटीने महाडला गेले. डॉक्टर म्हणाले, काही खाल्लंत का? मी अभिमानाने नाही म्हटलं. त्यांनी मला उठवून खाली पाठवलं. उपाशी माणसाला खुर्चीतच घेरी येते. उसळपाव खाऊन, चूळ भरून पुन्हा वर चढले.

"काकी, तुम्हाला तर साखर आहे. नेहमीच्या वेळी खाऊन, गोळी घेऊन जायचं आणि कागद बरोबर न्यायचे. कुठली कुठली गोळी चालू आहे ते सगळं सांगायचं."

"यांनी मागं रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं चार दिवस बंद केली होती. दाढेसाठी."

"आणि?"

"डॉक्टरांनी दाढेआधी यांनाच उपटलं."

बरोबरच केलं. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने अशी गोळी मनाने सोडणं म्हणजे दाढेपायी जीव पणाला लावणं. दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं.

इंजेक्शनचं सांगितलं. त्यातलं भुलीचं औषध १९४३ साली स्वीडनमध्ये शोधलं गेलं. त्याने ओठ भोपळ्याएवढा झाल्यासारखा वाटतो, आरशात मात्र जसाच्या तसा असतो. दाब कळतो, हाडातून कर्रकर्र ऐकू येतं, पण दुखत नाही. दुखलंच तर हात वर करायचा, डॉक्टर आणखी औषध देतात. पू फार असला की भूल नीट चढत नाही, म्हणून कधी कधी आधी पू काढून देतात किंवा औषध देऊन पुढची तारीख देतात. त्याला टाळाटाळ समजू नये.

"काढायलाच लागंल का पण?"

"ते आधी विचारायचं. रूट कॅनाल करून वाचत असेल तर वाचवावी. दाढ गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरचा त्या जागेकडे सरकतो."

"म्हंजे आपल्या आळीतलंच झालं," काकी म्हणाल्या. "मुंबईला गेलेल्याचं घर बंद पडलं, की शेजारचा कुंपण सरकवतो."

आमचं कुंपण गेल्या पावसाळ्यात नेमकं कोणी सरकवलं हा विषय मी काढला नाही.

खरी गंमत दाढ निघाल्यावर सुरू होते. डॉक्टर खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवून दात दाबायला सांगतात, अर्धा-पाऊण तास. मी एसटीच्या खिडकीतून पाच मिनिटाला थुंकत होते आणि लाल दिसलं की घाबरून पुन्हा थुंकत होते. त्यात लाळच जास्त असते. थुंकायचं नाही, गिळायचं. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्याखाली हाड, नस सगळं झाकलं जातं.

"लावणी झाली की रोप हलवतं का कोणी? तसं ते. चोवीस तास चूळ नाही, गरम चहा नाही. शहाळं मिळालं तरी नळीने ओढायचं नाही, पेल्यात ओतून घ्यायचं. गार पेज, मऊ भात. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं धरायचं आणि सोडायचं."

"मंग तुम्हाला त्रास कशापायी झाला?"

इथे मी जरा थांबले. "तिसऱ्या दिवशी मशेरी लावली."

काकींचे डोळे चमकले. बाईंनीसुद्धा!

गुठळी निघून गेली, खड्डा कोरडा पडला. ठणका थेट कानात. दाढ असताना दुखली नव्हती इतकं ती नसताना दुखलं. पुन्हा महाड गाठलं. डॉक्टरांनी खड्डा धुतला आणि लवंगेच्या तेलाची वात आत ठेवली. दहा मिनिटांत जीवात जीव आला.

"म्हंजे लवंग, झाडपाल्याचंच औषध!" काकी फांदी उंचावून म्हणाल्या. "मी काय सांगत होते!"

तेवढा मान त्यांना द्यावाच लागला.

मग मी त्यांना दोन गोष्टी दोनदा सांगितल्या. दाढ काढायला सकाळीच जायचं, म्हणजे रक्त थांबेना तर उजेडात आणि गाडी असताना कळतं. आणि ताप भरला, तोंड उघडेना, सूज गळ्याकडे उतरून गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर नवमी-दशमी बघायची नाही, १०८ ला फोन.

"मुलगा म्हणतोय मुंबईला ये, नायरला दाखवू."

नायरचं दंत महाविद्यालय १९३३ पासूनचं. गिरणीतल्या आपल्या कितीतरी माणसांच्या दाढा तिथे राहिल्या असतील. "पण ही सूज घेऊन घाट-रस्ते कशाला? आधी पोलादपूर."

काकींनी फांदी फेकली. आत गेल्या, बाहेर आल्या आणि मशेरीची पितळेची डबी कुंपणावरून माझ्या हातात दिली.

"दाढ होईस्तवर तुमच्याकडं ठेवा."

मी डबी घेऊन वळले, तेवढ्यात मागून हाक आली.

"बाई! आज रातच्यापुरती चिमूटभर काढून द्या की."