रत्नागिरी, व्हाया टाइप-सी

मला व्याख्यानाला कुणी थेट बोलावत नाही. आधी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलेलं असतं, पत्रिका छापून वाटून झालेल्या असतात, मग त्या वक्त्याला ऐनवेळी ताप येतो किंवा टीव्हीवाले बोलावतात, आणि माझा फोन वाजतो. पत्रिकेवर त्याच्या नावावर माझ्या नावाची पांढरी पट्टी चिकटवलेली असते. उजेडात धरली तर खालचं नाव वाचता येतं. मी दर वेळी धरतो.

रत्नागिरीच्या एका मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेचं निमंत्रण असंच आलं. मूळ वक्ते ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ या विषयावर बोलणार होते. त्यांना ताण आला असावा. माझ्याकडे तयार विषय एकच: ‘लडाख, छायाचित्रांसह’. मे महिन्यात, पंख्याखाली बसून घाम पुसणाऱ्या रत्नागिरीकरांना बर्फ दाखवायचं, ही कल्पना कार्यवाह मॅडमना फार आवडली. “तेवढाच लोकांना गारवा, सर,” त्या म्हणाल्या. छायाचित्रांसह या शब्दावर त्यांचा भर होता. माझ्यावर नव्हता.

लॅपटॉप नवा होता. मुलीने घेऊन दिलेला. “बाबा, तो जुना उचलून तुमचा खांदा निखळेल,” असं तिचं म्हणणं. जुना जड होता हे खरं, पण त्याच्या डाव्या-उजव्या कुशीला आणि पाठीला काय नव्हतं! पेनड्राइव्हला जागा, कॅमेऱ्याच्या कार्डाला जागा, प्रोजेक्टरच्या वायरीला जागा, इंटरनेटच्या जाड वायरीला जागा. नव्याचं वजन सव्वा किलो. डावीकडे टाइप-सीची दोन बारीक लांबट भोकं, उजवीकडे हेडफोनचं एक, संपलं. दुकानदार याला ‘क्लीन लुक’ म्हणाला आणि त्याचे जास्तीचे पैसे लावले.

ठाण्याला मांडवी एक्स्प्रेस पकडली. ही गाडी खाण्यासाठी नावाजलेली आहे आणि तो विषय मला जिव्हाळ्याचा असल्याने रोह्यापर्यंतचा निसर्ग माझ्या नजरेतून सुटला. पुढे चिपळूण गेल्यावर कटलेटचे हात पुसून मी कामाला लागलो. एका मित्राने नुब्रा खोऱ्यातल्या दोन मदारींच्या उंटांचे फोटो पेनड्राइव्हवर दिले होते, ते आपल्या फोटोंत मिसळून स्वतःचे म्हणून दाखवायचे होते. पेनड्राइव्ह हातात घेतला, लॅपटॉप डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, उलटा करून पाहिला. समोरच्या बाकावरच्या आजी फणसाचे गरे खाता खाता हे बघत होत्या.

“अहो, ह्याला भोकंच नाहीत की,” त्या म्हणाल्या. “फसवलं तुम्हाला.”

“आजी, हे नवीन मॉडेल आहे.”

“मग हे कुठे घालायचं?”

एवढ्यात गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा. कोकण रेल्वेवर याहून लांब दुसरा नाही. उत्तर शोधायला तेवढा पुरला नाही.

रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब, कुवारबावला. तिथून स्कूटरच्या मागे बसवून कार्यवाह मॅडमनी मला गावात आणलं. निवृत्त मुख्याध्यापिका, वय साठीच्या पुढे, आणि वळणावर ब्रेक लावणं त्यांच्या स्वभावात नाही. टिळकांचं जन्मघर, भाट्याचा किनारा, रत्नदुर्ग वगैरे स्थळं त्यांनी मला मान वळवायच्या आत दाखवली.

सभागृहात भाऊ वाट बघत होते. भाऊ म्हणजे मंडळाचा प्रोजेक्टर सांभाळणारे गृहस्थ. लेन्स पुसून ठेवलेली, टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ, आणि त्यावर भिंतीतून आलेली एक वायर, व्यवस्थित वेटोळं करून.

“सर, पँगाँगचा फोटो आहे ना?” त्यांनी पहिलं हेच विचारलं. “मला तो निळा रंग बघायचाय. सिनेमात दाखवतात तो खरा असतो का?”

“खऱ्याहून जास्त निळा,” मी म्हणालो, आणि वायर उचलली.

निळ्या तोंडाची, तीन ओळींत पंधरा पिना, दोन्ही अंगांना फिरवायचे स्क्रू. व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेली. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो वगैरे मंडळींनी मिळून जाहीर केलं होतं की हिला हळूहळू निरोप द्यायचा. इंटेल आणि एएमडीने त्यासाठी २०१५ ची मुदत सांगितली होती. हे रत्नागिरीच्या भिंतीला कुणी कळवलं नव्हतं. भाऊंनी वर्गणी गोळा करून प्रोजेक्टर घेतला, छताला टांगला, वायर छतातून भिंतीत आणि भिंतीवर गिलावा. वर प्रोजेक्टरला एचडीएमआयचं भोकही होतं. पण ते जमिनीपासून सोळा फुटांवर, शिडी मंडपवाल्याकडे, आणि लग्नसराई.

मी लॅपटॉप काढला. भाऊंनी वायरीचं तोंड त्याच्या कुशीपाशी नेलं, परत घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मॅडम बोलल्या: “बसा मागे.”

मारुती मंदिर ते राम आळी या परिसरात मोबाइलच्या सामानाची जेवढी दुकानं आहेत ती सगळी मी आता ओळखतो. पहिल्या दुकानात टाइप-सीला हेडफोन जोडायचा तुकडा मिळाला, जो मला नको होता. दुसऱ्यात पेनड्राइव्हचा ओटीजी मिळाला, तो घेतला, कारण उंट महत्त्वाचे. तिसऱ्या दुकानात एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर होता. त्यासाठी आधी लॅपटॉपला एचडीएमआय हवं. ते दुकानदाराने हसून सांगितलं. हसायचं काय होतं मला कळलं नाही.

“टाइप-सी टू व्हीजीए डायरेक्ट?” मी विचारलं.

“मुंबईसनं मागवूया. परवा येयल.”

परवा माझ्या जागी ‘आहार आणि आरोग्य’ बोलणार होतं.

राम आळीतल्या एका पोराने मार्ग काढला. टाइप-सीतून एचडीएमआय काढायचं, एचडीएमआयमधून व्हीजीए. “काकी, मेल पाहिजे का फिमेल?” त्याने मॅडमना विचारलं. छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिस्त लावलेल्या बाई दुकानाबाहेर रस्त्याकडे बघत राहिल्या. “सरांना विचार,” त्या म्हणाल्या. मी दोन्ही घेतले.

परत येताना स्कूटरवर मला या भोकांचा सगळा इतिहास आठवत होता, आणि राग चढत होता. यूएसबी १९९६ साली आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या गटाचे प्रमुख अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, त्यामुळे त्यांच्यावर मराठी माणसाने थोडा हक्क सांगायला हरकत नाही. ते जुनं चपटं यूएसबी पहिल्यांदा बसत नाही, उलटं केलं तरी बसत नाही, पुन्हा सुलटं केलं की बसतं. दोन्हीकडून बसणारं केलं असतं तर तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्चही दुप्पट झाला असता, असं भट्टांनी पुढे सांगितलं. प्रामाणिक उत्तर आहे. २०१४ साली टाइप-सी आलं, ते दोन्हीकडून बसतं. बसतं एवढं नक्की. बसल्यावर काही होईलच असं नाही, कारण एक भोक नुसतं चार्जिंगचं, दुसरं चित्रही नेणारं, तिसरं आणखी कसलं, आणि तिघांचा चेहरा एकच. वायरींचंही तेच.

ॲपलने १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी काढली तेव्हा लोक ओरडले होते आणि कंपनी बरोबर ठरली होती. तेव्हापासून ओरडणाऱ्यांकडे दुर्लक्ष करायची या धंद्याला सवय लागली असावी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ॲपलने मॅकबुक प्रोवरून एचडीएमआय, कार्डाची खाच, जुनं यूएसबी सगळं एका दमात काढलं. गिऱ्हाइकं इतकी चिडली की पुढच्याच महिन्यात ॲडॅप्टरच्या किमती उतरवाव्या लागल्या. २०२१ मध्ये एचडीएमआय आणि कार्डाची खाच परत आली. पाच वर्षं मधल्या मध्ये लोकांनी डोंगल वाहिले. फ्लॉपीची गोष्ट वेगळी होती हो. फ्लॉपी माझी, ड्राइव्हही माझाच. मी बदलला की काम झालं. प्रोजेक्टरच्या वायरीचं दुसरं टोक दुसऱ्याच्या भिंतीत असतं. ती भिंत वर्गणीतून बांधलेली असते. लॅपटॉप बारीक करणाऱ्याने फक्त माझ्याकडचं टोक कापलं आणि उरलेलं रत्नागिरीवर सोडलं.

सहाची वेळ होती. सहा वाजून गेले. सभागृह भरलेलं, पडद्यावर निळ्या पाटीवर ‘नो सिग्नल’. अध्यक्षांनी वेळ भरून काढायला थिबा राजाची गोष्ट सुरू केली. ब्रह्मदेशचा हा राजा १८८६ साली इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला, १९१० साली त्याला राजवाडा मिळाला, आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं परत जायची वाट बघत. त्या माणसाबद्दल मला एरवीही वाईट वाटतं. त्या संध्याकाळी जरा जास्तच जवळचा वाटला.

टेबलापाशी मी आणि भाऊ. लॅपटॉप, त्याला एक तुकडा, त्याला दुसरा तुकडा, त्याला निळी वायर. काही नाही. भाऊंनी पहिला तुकडा शेजारच्या भोकात घातला. पडदा थरथरला आणि लडाख आलं. टाळ्या पडल्या. मी मान उचलली.

बर्फ पिवळं होतं.

नुसतं पिवळसर नव्हे, पिवळं. आकाश हिरवं, आणि एका ओळीत उभी सगळी हिमशिखरं भंडारा उधळल्यागत. सगळं लडाख जेजुरी झालं होतं. व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा यांच्या पिना वेगळ्या असतात, तिसरी निळ्याची. नव्या कन्व्हर्टरमध्ये तीच नीट टेकत नव्हती. पंधरापैकी चौदा पिना कामावर हजर, आणि गैरहजर होती नेमकी ती एक.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला सांगितलं, “तिकडं ऊन जास्त.”

मी कंपनीला, दुकानदाराला आणि आधुनिकतेला उद्देशून पुटपुटलो, आणि त्या ओघात “आणि हा जुनाट प्रोजेक्टर” असंही बोलून गेलो. भाऊंनी ते ऐकलं. वायरीकडे बघतच ते हळू आवाजात म्हणाले, “सर, आमचा प्रोजेक्टर कधी बंद पडलेला नाही ओ. एकदा पण नाही.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्याकडे पाहुणा आला आणि आपल्याच्याने जेवण नीट वाढलं गेलं नाही, तेवढंच होतं. मला उत्तर सुचलं नाही.

मग त्यांनी वायरीचं तोंड मुठीत धरलं, अंगठ्याने एका बाजूला दाबलं, आणि बर्फ पांढरं झालं.

व्याख्यान तासभर चाललं. भाऊ तासभर पडद्याकडे पाठ करून, वायर अंगठ्याने दाबून उभे. फोटो पुढे सरकवायचा माझ्याकडे रिमोट होता, पण त्याच्या रिसीव्हरला जुनं यूएसबी लागतं. भोकं दोनच, एकात चार्जर, दुसऱ्यात चित्र. म्हणून मीही टेबलाला चिकटून. अंगठा दमला की खारदुंग-ला पिवळी व्हायची, मी खोकायचो, भाऊ पुन्हा दाबायचे. उंटांना टाळ्या मिळाल्या, बिनधास्त घेतल्या. बर्फातलं लेह पाहून बायकांनी पदर खांद्यावर ओढून घेतले, एवढा माझा प्रभाव. मॅडम म्हणतात तेव्हाच कुणीतरी पंखा वाढवला होता.

पँगाँग आला. चार हजार मीटरहून उंच, डोंगरांच्या मध्ये, तो निळा रंग. सभागृहातून “अहाहा” आलं.

“भाऊ, बघा,” मी म्हणालो.

भाऊंनी मान वळवली. मान वळली तसा अंगठा सरकला. भाऊंनी बघितला तो पँगाँग हिरवा.

कार्यक्रमानंतर लोक अध्यक्षांना भेटत असताना मी त्यांना लॅपटॉपवर तो फोटो दाखवला. खूप वेळ बघितला त्यांनी. अंगठ्यावर वायरीच्या तोंडाचा वळ उमटला होता, तो दुसऱ्या हाताने चोळत होते.

“रंग आहे खरा,” ते म्हणाले. “पण मोठा बघायला पाहिजे होता.”

खजिनदारांनी पाकीट दिलं, एक हजार एक रुपयांचं. तुकड्यांना मिळून साडेबाराशे गेले होते. “पावती असेल तर मंडळ देईल,” ते म्हणाले. राम आळीतल्या पोराकडे पावतीपुस्तक नव्हतं. मॅडमनी वरून डझनभर हापूस दिले, त्यामुळे हिशेबात मी थोडा पुढेच राहिलो. पण ते आंब्यांच्या जिवावर, लॅपटॉपच्या नव्हे.

युरोपात आता कायदा आहे. फोन-टॅबलेटना डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपना एप्रिल २०२६ पासून चार्जिंग टाइप-सीने करता आलं पाहिजे. चांगलं आहे, एक चार्जर घरात पुरेल. मात्र कुठल्या भोकातून चित्र जाईल हे भोकाशेजारी ठळक अक्षरांत छापावं, असंही कुणीतरी कंपन्यांना दटावून सांगायला हवं. चश्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

तोवर व्याख्यानमालांच्या कार्यवाहांना एकच विनंती. वक्त्याचा परिचय, पासपोर्ट साइझचा फोटो, जेवणाची आवडनिवड हे सगळं सावकाश मागवा. आधी तुमच्या प्रोजेक्टरच्या पाठीचा आणि टेबलावर येणाऱ्या वायरीच्या तोंडाचा फोटो पाठवा, पिना मोजता येतील असा. आणि वायर भिंतीतून गेली असेल, तर शिडी कुणाकडे आहे तेही कळवा.