फाल्गुन्या

फाल्गुन्या आला हे कळायला पंचांग लागत नाही. वर्ध्याबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला पळस फुलला आणि भाड्याच्या खोलीतल्या दोरीवर वर्षभर न दिसलेली ट्रॅक पँट वाळत पडली, की समजायचं. जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात तो असतो. मेडिकलला असतो, इंजिनिअरिंगला असतो, बी. ए.ला तर बहुधा दोन असतात. एरवी त्याला आईबापांनी ठेवलेलं साधंसुधं नाव असतं आणि त्या नावाचा मुलगा सकाळी दहापर्यंत झोपतो. होळी जवळ आली की मात्र त्याला आपल्याला एक शरीर असल्याचा साक्षात्कार होतो.

हे नेमकं मार्चमध्येच का होतं, याचं उत्तर सोपं आहे. थंडीत पहाटे उठणं अमानुष. एप्रिल सरता सरता सकाळी आठलाच ऊन टाळू शोधत येतं आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीशी ओलांडतो. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना वसंतावर कविता सुचतात. आमच्याकडे ब्लँकेटची घडी घालणं आणि माळ्यावरून कूलर उतरवणं यांच्या मधे जे काही दिवस सापडतात, त्यांना वसंत म्हणतात. आरोग्य कमवायचं तर तेवढ्यात. आणि याच दिवसांत नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही दिसू लागतात. फाल्गुन्याच्या आरोग्यप्रेमाचं मूळ मला तरी तिथेच वाटतं. अभ्यास टाळायला सिनेमा पाहिला तर मन खातं, पण सूर्यनमस्कार घातले तर घरून शाबासकी मिळते.

पहिल्या दिवशी पाचचा अलार्म लागतो. पाचचा, पाच-पाचचा, पाच-दहाचा आणि सव्वापाचचा. चारही अलार्म रूममेट बंद करतो आणि शेवटी फाल्गुन्या रूममेटलाच उठवतो.

"ऊठ ना बे! हनुमान टेकडीवर चाल. सकाळचा ऑक्सिजन संपून राह्यला!"

"काल रात्री दोनपर्यंत रील पाहून राह्यला होता ना बे तू?"

"कालचा दिवस गेला आता. चाल."

हनुमान टेकडीवर आधीपासूनच वर्ध्यातली निवृत्त मंडळी असतात. निवृत्त मास्तर, रेल्वेतले, बँकेतले. वर्षाचे बाराही महिने, कानटोपी ते गांधीटोपी असा ऋतुमानाप्रमाणे बदल करत ती त्याच चालीनं चालतात. फाल्गुन्या त्यांच्या शेजारून सुसाट वर जातो, जाताना घड्याळावर हृदयाचे ठोके तपासतो. पाच मिनिटांनी तेच काका वर पोचतात, तेव्हा तो दगडावर बसलेला असतो.

"काहून बाबू, दम लागला काय?"

"नाही काका, स्ट्रेचिंग करून राह्यलो."

तोंड उघडं, हात गुडघ्यावर, असलं स्ट्रेचिंग जगातल्या कुठल्याही व्यायामशाळेत शिकवत नाहीत. गंमत म्हणजे वाग्भटाला हा गडी ठाऊक होता. अष्टांगहृदयात वसंत ऋतूत व्यायाम सांगितला आहे, पण अर्ध्या शक्तीनं. जुने वैद्य त्याची खूणही सांगतात: कपाळावर घाम आला, तोंडानं श्वास घ्यावा लागला, की थांबा. फाल्गुन्या तोंडानं श्वास घ्यायला लागला की सेल्फी काढतो.

हे शास्त्र त्याला ठाऊक नाही असं नाही. सालोडच्या आयुर्वेद कॉलेजात त्याचा एक मित्र असतो. हिवाळ्यात साठलेला कफ वसंताच्या उन्हानं पातळ होतो आणि भूक मंदावते, म्हणून जड, गोड, आंबट, तेलकट कमी करावं, हे तो मित्राकडून ऐकून येतो आणि मेसमध्ये जाहीर करतो.

"काकू, आजपासून माह्यासाठी तेल बंद."

"मंग भाजी कशात करू बाबू? आशीर्वादात?"

काकूंनी असे कितीतरी फाल्गुन पाहिलेले असतात. त्या शांतपणे बिनतेलाची लौकी वाढतात. चौथ्या दिवशी तो कॉलेजच्या फाटकासमोर तर्री-पोह्याच्या गाडीवर दिसतो. विचारलं तर म्हणतो, पोहे पचायला हलके. आणि तर्री? त्यात चणे असतात, चण्यात प्रोटीन असतं. चण्यांवर त्याची फार श्रद्धा. पहिल्या आठवड्यात तो पलंगाखाली वाटीत हरबरे भिजत घालतो, मग विसरतो. वर्ध्याच्या मार्चमध्ये भिजलेला हरबरा कुणासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी घरमालक वास कुठून येतो हे पाहायला जिना चढून वर येतात.

दुपारच्या झोपेचा प्रश्न त्यानं मात्र वकिलाच्या हुशारीनं सोडवलेला आहे. वसंतात दिवसा झोपू नये, असं शास्त्र सांगतं. पण तेच शास्त्र ग्रीष्मात दुपारची झोप चालेल म्हणतं. पारा चाळिशीकडे सरकला की फाल्गुन्या पडदा ओढतो. "पंचांगात वसंत असंल बे. आपल्या वर्ध्यात ग्रीष्म लागला." दोन ते पाच गाढ. खरं सांगायचं तर या मुद्द्यावर त्याच्याशी वाद घालणं कठीण आहे.

मेडिकलचा फाल्गुन्या जरा वरच्या प्रतीचा असतो, कारण त्याच्यापाशी अधिकार असतो. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत, डॉ. सुशीला नय्यर यांनी उभं केलं. आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजींनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्याचा अनुवादही डॉ. नय्यर यांचाच. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना सुरुवातीला पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमात राहावं लागतं: पहाटेची प्रार्थना, सूत, झाडलोट, साधं जेवण. फाल्गुन्यानं तो पंधरवडा पार पाडलेला असतो, बहुतेक वेळ अर्धवट झोपेत. पण पुढची सगळी वर्षं तो "आम्ही आश्रमात होतो तेव्हा" या वाक्यानं बोलायला सुरुवात करतो, जणू मिठाच्या सत्याग्रहाला तो होता.

आश्रमातलं जेवण आणि वर्ध्याचं ऊन यांपुढे भलेभले नमले आहेत. १९४२च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामला राहिला. रोज तीच उकडलेली भाजी पाहून तो कंटाळला, आणि उन्हावर त्यानं स्वतःच तोड काढली. पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात खोकं ठेवलं, त्यावर स्वतः बसला आणि बाहेर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवून काम केलं. हा किस्सा कळल्यापासून फाल्गुन्या बादलीत पाय सोडून अभ्यासाला बसतो. पाय तासभर थंडगार राहतात. पान तेच राहतं.

त्याला दुसरी एक गोष्ट मी मुद्दाम सांगून पाहिली. १९३८चा मार्च महिना. विनोबांची प्रकृती पार ढासळलेली, वजन पौंडांत मोजलं तर नव्वदीच्याही खाली. गांधीजींनी हवापालटासाठी कुठे थंड ठिकाणी जा म्हटलं. विनोबा गेले पवनारला, वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर, धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. विदर्भातला उन्हाळा तोंडावर असताना हवापालटाला पवनार निवडणारा माणूस विरळाच. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी डोक्यातली सगळी कामं टाकून दिली आणि मग कुदळ हातात घेतली. पहिल्या दिवशी खणलं ते फक्त पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. असं वाढवत वाढवत तासांवर गेले, आणि काही महिन्यांत वजन चाळीसेक पौंडांनी वाढलं.

फाल्गुन्यानं हे मन लावून ऐकलं. मग विचारलं, "सर, चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो ना? ते कोणतं प्रोटीन घेत होते?"

पाच मिनिटांत त्याला रस नव्हता. त्याच्या वयाला पाच मिनिटं हा अपमान वाटतो. दहा किलोमीटर धावेन, चार लिटर पाणी पिईन, साखर आजन्म सोडेन. चार लिटरचा नियम सुरू असतो तेव्हा तो वर्गातून दर वीस मिनिटांनी बाहेर जातो आणि प्राध्यापकांना वाटतं, याला त्यांचा विषय सोसत नाही. व्यसनं सोडण्याच्या बाबतीत मात्र वर्ध्यानं त्याची पंचाईत केली आहे. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी. दारू सोडली असं जाहीर करायचं, तर ती मिळते कुठे हे ठाऊक असल्याचं आधी कबूल करावं लागतं. म्हणून तो चहा सोडतो, आणि दुपारी रसवंतीवर उसाचे दोन ग्लास रिचवतो. बर्फ नको म्हणतो, आरोग्यासाठी.

मुलींच्या होस्टेलातही हीच व्यक्ती आढळते, फक्त तिथे पद्धतशीरपणा जास्त. भिंतीवर तक्ता, तक्त्यावर रंगीत चौकटी, कडुनिंबाचा रस सात वाजता. गुढीपाडव्याला सगळं गाव कडुनिंबाची कोवळी पानं एकदा चावतं आणि सुटतं. ती आधी पंधरा दिवस पिते आणि शेजारच्या तिघींना पाजते. पाडव्यापर्यंत त्या मजल्यावर तिच्याशी कुणी बोलत नसतं.

यंदाच्या फाल्गुन्याचा टेकडीचा नेम पाडव्याच्या आधीच मोडला. टाच दुखायला लागली. नवे बूट, कधी न धावलेले पाय आणि पहिल्याच आठवड्यात टेकडीच्या तीन फेऱ्या. लंगडत तो दवाखान्यात गेला. समोर एक इंटर्न होता, त्याच्याहून चारेक वर्षांनी मोठा, डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं, टेबलावर अर्धं खाल्लेलं आलूबोंडं. इंटर्ननं टाच दाबली, विश्रांती लिहून दिली, बर्फ लावायला सांगितला. मग समजावलं: रात्री वेळेवर झोपा, बाहेर निघताना पाणी पिऊन निघा, डोक्याला दुपट्टा बांधा, धावणं हळूहळू वाढवा. आठवड्याला थोडंथोडं. एकदम नाही.

फाल्गुन्या मान डोलावत उठला. दाराशी पोचला तेवढ्यात मागून हाक आली.

"ऐक ना बे. टेकडीवर किती वाजता जाता तुम्ही? मी बी येतो उद्यापासून."