जाळीवाले नाना

मुरघासाच्या हंगामात गावात तीन माणसांचा भाव वधारतो. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, कुट्टी मशीनवाला आणि बॅगेत उतरून कुट्टी तुडवणारा वजनदार गडी. चौथ्याला कुणी बोलावलेलं नसतं, त्याची मजुरीही ठरलेली नसते, तरी तो सगळ्यांच्या आधी हजर असतो. हा ट्रॅक्टरचा मालक. गाडी भाड्यानं लावलेली, वर पुतण्या बसवलेला. यानं घरी ओट्यावर पेपर वाचत पडायला काहीच हरकत नसते. पण हा मोटारसायकल बांधाला लावतो, टोपी सारखी करतो आणि थेट ट्रॅक्टरच्या तोंडासमोर जाऊन उभा राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेला, संगमनेर-राहाता-कोपरगाव या दुधाच्या पट्ट्यात, असा एक तरी इसम गावागणिक सापडतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे आबा. आपण नाना म्हणू.

नानांनी पुतण्याच्या हाती किल्ली दिली आहे, हिशेबाची वहीसुद्धा दिली आहे. जाळी मात्र दिलेली नाही. जाळी म्हणजे बॉनेटच्या तोंडाची जाळी आणि तिच्यामागे उभा असलेला रेडिएटर. “गाडी कुनीबी चालवील,” नाना म्हणतात, “जाळी बघनारा लागतो.” हे ते पुतण्यादेखतच म्हणतात. त्यामुळे पुतण्या गाडी चालवताना मागे मशीनकडे बघतो, बाजूला ट्रॉलीकडे बघतो, पुढे फारसा बघत नाही. पुढे नाना असतात.

त्यांच्या बंडीच्या खिशात तीन वस्तू कायम: रंगाऱ्याचा एक इंची ब्रश, छोटी बॅटरी आणि लाकडी फणी. फणी मूळची घरातल्या पोरींच्या उवांसाठी जत्रेत घेतलेली. रेडिएटरच्या नळ्यांमधल्या कागदासारख्या पातळ पट्ट्या जरा कशाचा धक्का लागला की आडव्या होतात आणि आडवी पट्टी वारा अडवते. नाना खाली बसून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक पट्टी फणीनं उभी करत जातात. फणी घरातून गेली त्या दिवशी काकूंनी केलेला आरडाओरडा शेजारच्या वस्तीवर ऐकू गेला होता. नाना म्हणाले, “उवा औषधानं मरत्यात.”

आता कामाची जागा बघा. मक्याच्या दाण्यात चीक भरला की मका तोडायची, दोन-अडीच सेंटिमीटरची कुट्टी करायची, बॅगेत किंवा खड्ड्यात थरावर थर देऊन दाबायची, हवा काढून टाकायची आणि तोंड बंद करायचं. साधारण 45 दिवसांनी जनावरांपुढे आंबूस वासाचा चारा, म्हणजेच मुरघास. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या वेळी वरचा तुरा वाळलेला असतो, खालची पानं करपलेली असतात, बांधाकडेला गाजरगवत फुललेलं असतं. मशीन फिरलं की हे सगळं हवेत. रेडिएटरमागचा पंखा पुढून वारा ओढतो, आणि वारा कोणता, पाचोळा कोणता हे त्याला कळत नाही. तो येईल ते ओढतो. वारा आत जातो, पाचोळा जाळीला चिकटतो. थोड्या वेळानं वाराही बाहेरच थांबतो.

म्हणून नाना शेतात पाय ठेवल्याबरोबर पहिल्यांदा चिमूटभर माती उचलून सोडतात. वाऱ्याची दिशा कळल्याशिवाय ते गाडी उभी करू देत नाहीत. एका जागी उभं राहून कुट्टी करायची तर ट्रॅक्टरचं तोंड वाऱ्याला पाहिजे, म्हणजे भुसा मागे जातो. वारा पाठीमागचा असला की मशीनचा सगळा धुरळा ट्रॅक्टरला ओलांडून पुढे येतो आणि पंखा तो परत आत ओढतो. यावर शेताचा मालक म्हणतो, “नाना, तिकडं तोंड केलं तर ट्रॉली कुठनं घालू?” नाना म्हणतात, “ते तुमचं तुमी बघा.” यातच अर्धा तास जातो.

मग काम सुरू होतं, मेळ बसतो, बॅगा भराभर भरू लागतात, आणि नेमका तेव्हा नानांचा हात वर जातो.

“थांबव रं!”

“नाना, आत्ताच तर साफ केली.” पुतण्या.

“काटा बघ.”

“काटा मधीच हाय.”

“मगाशी मध्याच्या अलीकडं हुता.”

तापमानाच्या काट्याची एवढी हालचाल नजरेनं टिपणं ही नानांची सिद्धी आहे. घड्याळाच्या काट्याकडे त्यांनी उभ्या आयुष्यात असं पाहिलेलं नाही. मशीनला ट्रॅक्टरची ताकद देणारा पीटीओ सुटतो, मशीनचा आवाज खाली येतो, गाडी स्लो रेसवर धडधडत राहते. नाना ती लगेच बंद करू देत नाहीत. पाणी फिरत राहिलं, पंखा फिरत राहिला तर आतली गरमी उतरते, एकदम बंद केली तर ती इंजिनातच कोंडते. काटा उतरला की बंद. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय पुतण्यानं हात पुढे केला तर नाना त्या हातावर ब्रश मारतात. हे मात्र फार चांगलं करतात. त्या पंख्यात बोटं गेलेली माणसं गावोगाव आहेत.

सहा मजूर बांधावर बसून तंबाखू मळतात. शेताच्या मालकाच्या कपाळावरची शीर दिसू लागते. त्याचंही खरं असतं. तोडलेली मका आणि उघडी कुट्टी फार वेळ ठेवता येत नाही. हवा लागली की ती तापते, वास बदलतो, बुरशी धरते. “नाना, कुट्टी गरम व्हाया लागली!” तो ओरडतो. नाना ब्रश न थांबवता विचारतात, “कुट्टी गरम झालेली चालत न्हाई, मग गाडी कशी चालंल?”

मला तर या सगळ्या प्रकारातली गंमत इथेच दिसते. त्या एका शेतात एक माणूस हवा बाहेर काढायला बॅगेत नाचत असतो आणि दहा पावलांवर दुसरा हवा आत जावी म्हणून गुडघ्यावर बसलेला असतो. दोघंही बरोबर असतात, आणि दोघंही एकमेकांना खुळा समजतात.

नानांचा खरा संताप मात्र पाण्यावर आहे. गाडी तापली की आपल्याकडे आजूबाजूचा प्रत्येक जण कळशी घेऊन धावतो. पाणी कमी झालं असेल, ही सार्वत्रिक समजूत. पाणी काठोकाठ असतं. वारा लागत नाही म्हणून ते उकळतं. त्यात कुणी उत्साही रेडिएटरचं झाकण फिरवायला गेला की नाना त्याला बखोटीला धरून मागे ओढतात. आत पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही गप्प बसलेलं असतं. झाकण उघडलं, दाब गेला, की तेच पाणी एकदम उसळतं आणि समोर जे तोंड असेल त्याच्यावर येतं. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणाऱ्याबद्दल नाना जे बोलतात ते मासिकात छापता येणार नाही. हेडला तडा जाणं, गॅस्केट उडणं, मग ऑइलमध्ये पाणी शिरून त्याचा दुधाच्या चहासारखा रंग होणं, ही साखळी ते रामरक्षेसारखी म्हणून दाखवतात. शेवटी मिस्त्रीच्या बिलाचा आकडा येतो. तो दर वर्षी वाढतो.

जाळी धुवायलाही त्यांची परवानगी नाही. कोरडा भुसा झटकला की पडतो. ओला केला की पट्ट्यांत शिरून बसतो, आणि कुठून ऑइल पाझरत असेल तर त्याचा चिखल होतो. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पट्ट्याच झोपतात. हवा मारायची तीसुद्धा पंख्याच्या बाजूनं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं बाहेर जातो. पुढून मारली तर आणखी आत. पुतण्यानं परवा बॅटरीवरचा ब्लोअर विकत आणला तेव्हा नाना दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो ब्लोअर नानांच्या मोटारसायकलच्या हँडलला लटकलेला दिसला.

गावात नानांना हसणारे पुष्कळ. त्यात पहिला नंबर एसी केबिनच्या नव्या ट्रॅक्टरवाल्या पोराचा. काच बंद, गाणी चालू, आत कशी धूळ नाही की आवाज नाही. मच्छरदाणीचा तुकडा जाळीवर बांधला होता. झालं काम, म्हणाला. मच्छरदाणीनं कचरा अडवला हे खरं, पण अडवलेला कचरा तिच्यावरच साठला आणि वारा तिथेच थांबला. गाडी भर शेतात वाफ सोडू लागली. पोरानं मच्छरदाणी काढली, पुढून झटकलं, तरी काटा उतरेना. संध्याकाळी तो गुपचूप नानांच्या ओट्यावर येऊन बसला. नाना काही बोलले नाहीत. उठले, बॅटरी घेतली, पोराला पंख्याच्या बाजूनं उजेड धरायला लावला आणि स्वतः पुढून वाकले. उजेड पलीकडे येतच नव्हता. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, दोन्हींच्या मध्ये बोटभर फट. पुढून सगळं लख्ख आणि फटीत भुशाचा घट्ट थर. नानांनी चिमट्यानं तो ओढून काढला तर एकसंध निघाला. पोराच्या हातात देत म्हणाले, “घे, थंडीत पांघर.”

तो पोरगा आता त्यांना हसत नाही. बाकीचे हसतातच.

आणि हसावं अशी जागा नानांनी ठेवलेलीही आहे. दुसऱ्याच्या जाळीतलं कुसळ ज्यांना वीस फुटांवरून दिसतं, त्या नानांच्या घरातला छताचा पंखा गेल्या दिवाळीपासून कुणी पुसलेला नाही. त्याच्या पात्यांवर आता बी पेरलं तर उगवेल. न्हाणीघराची मोरी तुंबून पाणी अंगणात येतं. काकू म्हणतात, “ट्रॅक्टर होऊन जल्माला आले असते तर माझ्याकडं पण बघितलं असतं.” नाना यावर चूळ भरायला बाहेर जातात. तुंबलेल्या मोरीतच भरतात.

तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. उन्हाळ्यात गव्हाचा भुसा बेलरनं बांधायचं काम असतं तेव्हा हवेत 40 अंशांच्या वर ऊन, भुसा कडकडीत कोरडा, आणि सायलेन्सरवर साचलेला भुसा पेट घ्यायला निमित्तच शोधत असतो. त्या दिवसांत नाना जाळीबरोबर सायलेन्सरही झाडतात आणि अधूनमधून नाक वर करून वास घेतात. लोक त्यालाही हसतात. पण मुलीच्या लग्नाच्या आधी ज्याला रान मोकळं करायचं असतं, तो भाडं ठरवताना नानांचाच ट्रॅक्टर मागतो, आणि वर हळूच विचारतो, “नाना सोबत येणारेत का?”

हा प्रश्न तो येऊ देत म्हणून विचारतो की येऊ नयेत म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. पण नाना तुमच्या शेतात आलेच, तर त्यांच्या थांबण्याचा वेळ धरूनच मजूर सांगा, चहा बिनसाखरेचा करा, आणि गाडीवर बादलीभर पाणी मारायची लहर आली तर ते गेल्यावर सुद्धा मारू नका. ते बांधाच्या पलीकडून बघत असतात.